राखणदार टीं म्हणतो

"मागचं दार!"

प्राचार्य पांग इतक्या जोरात ओरडले की वेनछीच्या हातातला चहा कपातून उडाला आणि तिच्या बुटावर पडला.

"अगं, मागचं दार! पोरं नापास का होतात म्हणून मी वर्षानुवर्षं डोकं फोडून घेतोय, आणि उत्तर बघ कुठं उभं होतं! दारात!"

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर वेनछीने काढलेले ठिपक्यांचे चित्र होते. एक ठिपका म्हणजे पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी. ग्रंथालयाच्या इमारतीला पुढून कार्ड टेकवणारे निळे, मागच्या दाराशी टेकवणारे नारिंगी. चाचणीचे गुण जास्त तितका ठिपका वर. निळे ठिपके अंगणात सांडलेल्या शेंगदाण्यांसारखे कुठेही पसरले होते, नारिंगी मात्र बहुतेक वर गर्दी करून बसले होते. मूठभर नारिंगी अगदी तळाला होते, पण आनंदाच्या भरात प्राचार्यांनी त्यांच्याकडे काणाडोळा केला.

वेनछी या कॉलेजात नवी होती. आकड्यांचा कक्ष म्हणून तिला जी खोली मिळाली, ती पूर्वी टेबल टेनिसच्या सामानाची होती. कोपऱ्यात अजून जाळी होती आणि जाळीशेजारी सर्व्हर गुरगुरत असे. त्याने शहाण्यासारखे वागावे म्हणून त्याच्या डोक्यावर रिवाजाप्रमाणे खाऊचे हिरवे पाकीट ठेवले होते. हिरवेच. लाल ठेवले तर सर्व्हर कसा बिथरतो, हे आमच्या तैवानात शेंबडे पोरही सांगेल.

"सर, हे पहिलंच चित्र आहे," वेनछी म्हणाली. "अजून नीट तपासायला—"

"तपासायचं काय त्यात? डोळ्यांना दिसतंय!" एवढ्यात प्राचार्यांच्या खिशातून बाईचा आवाज आला. "मुळे संपलेत. येताना दोन आणा. मागच्यासारखे पोकळ नकोत." प्राचार्यांचा चष्मा कायम गाडीत राहायचा, म्हणून त्यांनी फोनला आलेला निरोप मोठ्याने वाचायची सवय लावली होती. त्यामुळे बायकोच्या निरोपांतून प्राचार्यांच्या घरात काय संपले, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक असे.

पण पांग सर हसण्यावारी नेण्याजोगे गृहस्थ नव्हते बरे का. देशात पोरेच जन्माला येईनाशी झालेली. आसपासची कॉलेजे पटापट मिटत होती आणि त्यातल्या एकाच्या वर्गांत तर आता अळिंबी पिकत होती. अशा दिवसांत हा माणूस भर उन्हात हायस्कुलांच्या फाटकांशी उभा राहून स्वतः माहितीपत्रके वाटायचा. रिकाम्या वर्गातले दिवे स्वतः मालवायचा. आणि आता गुरुवारी शिक्षण खात्याची समिती येणार होती. पोरे गळण्याचे प्रमाण तिच्या डोळ्यांत खुपले तर पुढच्या वर्षीच्या जागा कापल्या जाणार, आणि जागा कापल्या की अळिंबीला वेळ लागत नाही.

"मागचं दार हेच मुख्य दार करायचं!" प्राचार्यांनी जाहीर केले. "रुंद, काचेचं, वर दिवे. सगळी पोरं तिथूनच आत जातील."

"पण रुंद करायला जागा कुठंय, सर? एका अंगाला तुतीकुंगाचं देऊळ आहे, दुसऱ्या अंगाला ज्यान बाईंची खोली."

प्राचार्यांनी क्षणभर विचार केला. "देवाला हलवता येत नाही," ते म्हणाले, "बाईंना येतं."

दुपारी ज्यान बाई थर्मास काखोटीला मारून वेनछीच्या दारात उभ्या राहिल्या. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. किनाऱ्यावरच्या गावांतून येणारी, दिवसा कुठे ना कुठे राबणारी पोरे संध्याकाळी त्यांच्या उजळणी वर्गाला येत. बाई त्यांना कॅल्क्युलससुद्धा समुद्रात कालवे वाढवायच्या दोऱ्यांवर शिकवत. दोरी रोज किती जड होते इथपासून सुरुवात करायची आणि पोराला कळायच्या आत त्याला गणितात नेऊन सोडायचे, ही त्यांची रीत.

"वेनछी, माझी खोली तू पाडतेयस म्हणे?"

"मी नाही हो, बाई! सरांनी ठरवलं."

"सर म्हणतात, चित्रानं ठरवलं. चित्र कुणी काढलं? कुऱ्हाडीचा दांडा तूच की गं!"

"दुसरी खोली देतील ना तुम्हाला?"

"दिली ना. व्यायामशाळेच्या वरची. शेजारी सिंहनाचवाले ढोल बडवत असतात. भागाकार काय ठेक्यावर शिकवू?" बाईंनी थर्मास टेबलावर आपटला आणि मग त्यांचा आवाज उतरला. "चेष्टा राहू दे. ही पोरं दिवसभर उभं राहून काम करून येतात गं. वर्ग दाराशी आहे म्हणून येतात. दोन जिने चढायचे म्हटलं की घरी जातील, आणि एकदा घरी गेली की परत यायची नाहीत. मी ओळखून आहे त्यांना."

वेनछीने ठिपक्यांकडे बोट दाखवले. "पण आकडे बरोबर आहेत, बाई. मी दोनदा तपासले."

"कुठं बसून?"

"इथंच."

"मग जरा त्या दाराशी जाऊन उभी राहा की! उन्हानं काळी पडशील, दुसरं काय."

वेनछी गेली. ग्रंथालयाच्या मागे कापराच्या झाडाखाली तुतीकुंगाचे बुटके देऊळ आहे. तुतीकुंग म्हणजे जागेचा राखणदार, पांढऱ्या दाढीचा हसरा म्हातारा. त्याच्यापुढे उदबत्त्यांचे भांडे, दोन्ही बाजूंना सदा जळणारे लाल दिवे. आणि त्यातल्या एका दिव्याच्या खांबावर, अगदी भांड्याला खेटून, कार्ड वाचायचे यंत्र बसवलेले! दार आपले चार हात लांब.

निळ्या केसांची एक मुलगी आली. तिने हात जोडले, गळ्यातले विद्यार्थ्याचे कार्ड काढले आणि उदबत्तीच्या धुरावरून उजवीकडून गोल फिरवले. टीं. पुन्हा फिरवले. टीं. तिसऱ्यांदा. टीं. तिने समाधानाने कार्ड गळ्यात घातले आणि ती चालू लागली.

"अगं ए, थांब! हे काय केलंस?"

"कार्ड ओवाळलं. परीक्षा आहे ना."

"ते कळलं गं. मीही ओवाळलंय माझ्या वेळी. पण ती टीं?"

"टीं म्हणजे पोचलं," मुलगी म्हणाली. "आधी समजायचंच नाही, देवानं ऐकलं की नाही ते. या सत्रापासून तो पोच देतो. म्हणून तर एवढी गर्दी असते."

"आणि दारातून आत नाही जात?"

"आत काय आहे?"

वेनछी तिथेच पायरीवर बसली. तिच्या चित्रातल्या नारिंगी ठिपक्यांत कोण आत गेले आणि कोण नुसते देवाला भेटून गेले, हे देवच जाणे! आणि त्या चित्राच्या भरवशावर, समिती गेली की शुक्रवारी, ज्यान बाईंच्या खोलीची भिंत पडणार होती.

तिने वीज बघणाऱ्या आखुनला गाठले. "यंत्र देवाच्या खांबावर का लावलंत?"

"मग कुठं लावू? दार कुजकं, भिंत दगडाची. वीज एका देवाच्याच दिव्याला. आणि मनानं नाही लावलं हो, ताई, कौल घेतला होता. ठोकळे टाकले, एक उताणा, एक पालथा. स्वच्छ होकार!"

"बरं, मग आता हलवा तिथून."

"आता परत विचारायला लागेल."

आखुनने देवापुढची दोन चंद्रकोरी लाकडे कपाळाला लावून खाली टाकली. दोन्ही उताणी पडली.

"हसला," आखुन म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे आपण काय विचारतोय ते त्याला पटलं नाही, हसू आलं." त्याने पुन्हा टाकली. पुन्हा उताणी. तिसऱ्या वेळी दोन्ही पालथी पडली. आखुनने लाकडे जागेवर ठेवून हात झटकले. "झालं. आता सरळ नाही म्हणाला. मी काय हात लावत नाही, माझी बायको गरोदर आहे. आणि ताई, खरं सांगू? आवडलंय त्याला ते. इतकी वर्षं कोण विचारत होतं? आता दिवसभर राबता आहे."

यंत्र हलणार नाही हे ठरले. मग वेनछी खोलीत येऊन सर्व्हरच्या डोक्यावरचे हिरवे पाकीट सरळ करून कामाला बसली, आणि इथे मात्र तिची तारीफ करायला हवी. दुसरी कुणी रडत बसली असती. वेनछीने विचार केला, देव बोलत नाही, पण यंत्र तर बोलते. ओवाळणारा लागोपाठ तीन वेळा वाजतो. आत जाणारा एकदाच. ओवाळून मग आत जायचे झाले, तर तिनानंतर जरा थांबून पुन्हा एक. झाले की वेगळे! घरात पावलांवरून माणूस ओळखावा तसे तिने ठिपके ओळखायला सुरुवात केली.

नुसती तीन टीं वाजवून गेलेली पोरे खाली उरली. तेच ते मूठभर नारिंगी. आत गेलेली सगळी वर. आता आत आहे काय? एक बोळ. ग्रंथालयाकडची वाट जुन्या कपाटांनी कधीच बुजलेली. बोळात दोनच दारे, एक ज्यान बाईंच्या वर्गाचे आणि दुसरे मुतारीचे. मुतारीत जाऊन कुणाला गणित आल्याचे ऐकिवात नव्हते.

"बाई!" वेनछी रिकाम्या खोलीत ओरडली. "तुम्हीच आहात ते दार!"

पण तिची नजर त्या खालच्या ठिपक्यांवरून हलेना. ही पोरे चाचणीच्या कितीतरी आधीपासून देवाकडे खेपा घालत होती. कॉलेजची धोक्याची सूचना निघायची ती निकाल लागल्यावर, म्हणजे बैल गेला नि झोपा केला. या पोरांनी मात्र आधीच सांगितले होते. फक्त आपल्याला नाही, राखणदाराला. तिने डोळे पुसले आणि त्याच बैठकीत एक नियम लिहिला. जो तीनदा ओवाळील आणि आत जाणार नाही, त्याचा ठिपका लाल, आणि त्याच्या फोनवर निरोप. ओवाळून आत गेला, की हिरवा. चित्रात नावे कुणाचीच नाहीत, निरोपही ज्याचा त्याला.

बुधवारी ती प्राचार्यांपुढे उभी राहिली. "सर, ते चित्र चुकलंय." आणि तिने सगळे सांगितले.

प्राचार्यांचा चेहरा पडला. "अगं, समितीच्या काओ बाईंना मी फोनवर सांगून बसलोय! मागच्या दारानं आमच्याकडे क्रांती झाली म्हणून! आता काय सांगू, ती टीं देवाची होती?"

"सर, खरं चित्र यापेक्षा चांगलं आहे."

"चांगलं असेल. पण उद्या तेच नारिंगी लावायचं. समिती गेली की बघू."

"समिती गेली की गवंडी येईल, सर. खोली जाईल."

प्राचार्य खिडकीशी गेले. "वेनछी," ते हळूच म्हणाले, "जागा कापल्या तर सगळ्याच खोल्या जातील."

माणूस खोटा नव्हता, घाबरलेला होता.

गुरुवारी समिती आली. काओ बाई काटकुळ्या आणि कडक. कुठल्याही कॉलेजचा चहा पीत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. प्राचार्यांनी ओतलेला उत्तम ऊलोंग त्यांच्यापुढे निवत पडला. पडद्यावर नारिंगी चित्र लागले आणि प्राचार्य मागच्या दाराचे गुण गाऊ लागले. काओ बाईंनी पेन्सिल रोखली.

"हे तळाला नारिंगी कोण?"

"ते? ते अपवाद, बाई."

"अपवाद सगळे एकाच कोपऱ्यात कसे बसले?"

प्राचार्यांनी वेनछीकडे पाहिले. त्या नजरेत 'सांभाळ गं' होते. वेनछीला ज्यान बाईंचा थर्मास आठवला, निळ्या केसांची मुलगी आठवली. नोकरी गेली तर गेली, असे म्हणून तिने दुसरे चित्र लावले. मग यंत्र, खांब, देवाचे हसणे, तीन टीं, एक टीं, बोळ आणि ज्यान बाई, सारे एका दमात सांगून टाकले. मुतारीसुद्धा.

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"म्हणजे तुम्ही कॉलेजात प्रार्थना मोजता?" काओ बाईंनी विचारले.

"नाही, बाई. प्रार्थना ज्याची त्याची. आम्ही धास्ती मोजतो. पोरगं बिथरलंय हे निकालाआधी कळतं, मग बोलावता येतं."

"कसं बोलावता? दाखवा."

"आज सकाळी ज्यांनी ओवाळलं आणि जे आत गेले नाहीत, त्यांना आत्ता निरोप जाईल." वेनछीने कळ दाबली.

आणि प्राचार्यांच्या खिशातून मुळेवाल्या बाईचा आवाज खणखणीत निघाला. "प्रिय विद्यार्थ्या, तुला काळजी वाटत असावी. देवाला सांगितलेस, चांगले केलेस. आता त्याच दाराने दोन पावले आत ये. ज्यान बाई संध्याकाळी असतात. चहा मिळेल."

प्राचार्य खिसा चाचपत राहिले. यंत्राला विद्यार्थ्याचे कार्ड आणि प्राचार्यांचे कार्ड सारखेच दिसते, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते.

"सर," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही?"

"रोज सकाळी," प्राचार्य पुटपुटले. त्यांचे कान तांबडेलाल झाले होते. "यंत्र लागायच्या आधीपासून. पोरं गळू नयेत, कॉलेज टिकावं म्हणून. मला वाटायचं, कुणी बघत नाही." मग ते एकदम ताठ बसले. "आणि बाई, आता झाकून काय उपयोग? ही पोरगी सांगतेय तेच खरं आहे. पहिलं चित्र तिनं काल चूक म्हणून सांगितलं होतं. लावायला मी लावलं. काय कापायचं ते कापा, पण तिला बोल लावू नका."

काओ बाईंनी पडद्यावरच्या लाल ठिपक्यांकडे पाहिले. मग त्यांनी पुढ्यातला गार झालेला ऊलोंग उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"मग जाणार का?" त्यांनी विचारले.

"कुठं?"

"वर्गाला. बोलावणं आलंय ना तुम्हाला?"

संध्याकाळी मागच्या दाराशी एक टीं वाजली. ज्यान बाईंनी फळ्यावरून मान वळवली. "उशीर झाला. मागं बसा. वही?"

"नाही आणली," प्राचार्य म्हणाले.

"शेजारणीकडून पान घ्या."

शेजारी निळ्या केसांची मुलगी होती. तिने मुकाट्याने पान फाडून दिले आणि कुजबुजत विचारले, "तुम्हालाही निरोप आला?"

"आला."

"कुठला विषय जड जातो?"

"सगळेच गं," प्राचार्य म्हणाले आणि कालवांच्या दोरीचे गणित उतरवून घेऊ लागले.

शुक्रवारचा गवंडी प्राचार्यांनी थांबवला. समितीचे पत्र यायला पुढे बरेच दिवस गेले. जागा कापल्या नाहीत, पण त्या वर्षापुरत्याच. आणि मागच्या दाराच्या दगडालाही हात लावू नये, असे खाली काओ बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. गवंड्याने मग देवळावर पत्र्याची पडवी घातली. तिला तुतीकुंगाने पहिल्या फटक्यात होकार दिला.

पण समिती येऊन गेल्यानंतरच्या सोमवारची गोष्ट सांगायची राहिली. प्राचार्य पडद्यापुढे उभे होते. लाल ठिपके कमी झाले होते, हिरवे वाढले होते. पार तळाशी, शून्य गुणांच्या रेघेवर, एक हिरवा ठिपका एकटाच बसला होता.

"हा कोण बिचारा? एकही गुण नाही!"

"नावं नसतात, सर," वेनछी पडद्याकडेच बघत म्हणाली. "परीक्षेला बसला नाहीये अजून, म्हणून शून्यावर दिसतो."

प्राचार्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवले. "निभावेल का?"

"सांगता येत नाही. पण आता रोज आत जातो."

तेवढ्यात प्राचार्यांच्या खिशातली बाई बोलली. "मुळे मी आणलेत. तुम्ही वर्ग बुडवू नका."